युरिया बंद केलेला ट्रक स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चिकोडी तालुक्यातल्या एका वाचकाचे दोन ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतात. येत्या हंगामाआधी त्यांना दहा टायरचा जुना ट्रक घ्यायचा आहे. हंगामात ऊस आणि एरवी निपाणी, बेळगाव, गोवा अशी मालवाहतूक. दाजींच्या ओळखीतल्या कागलकडच्या एका मालकाचा २०२१ चा बीएस-६ ट्रक त्यांनी पाहिला. पासिंग एमएच-०९, तीन लाख किलोमीटर झालेले. मालक स्वतःच कौतुकानं सांगतो, "चिप मारलीय. घाटात एक गिअर वरनं ओढते आणि युरियाचा खर्च शून्य." (हा युरिया म्हणजे धूर साफ करायला सायलेन्सरमध्ये फवारतात ते द्रावण.) किंमत बाजारापेक्षा दोन लाखांनी कमी. दाजी म्हणतात, घेऊन टाक. चालक म्हणतो, असल्या गाडीला हात लावू नका. वाचकांचे प्रश्न तीन. गाडीत नेमकं काय केलंय ते ओळखायचं कसं? "नको असेल तर तासाभरात कंपनी सेटिंग परत करून देतो" या मालकाच्या शब्दावर विसंबावं का? आणि तपासणी मागितली तर दाजींना वाईट वाटेल का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना जाणवतं की "चिप मारलीय" हे तुम्ही एकच काम समजून चालला आहात, आणि ते काढून टाकलं की गाडी पहिल्यासारखी होते असंही धरून चालला आहात. या दोन्ही समजुती आधी बाजूला ठेवू, कारण तपासणी कुठून सुरू करायची ते त्यावर ठरतं.

चिप मारणं या नावाखाली आपल्या भागात निदान तीन वेगळी कामं होतात. पहिलं म्हणजे जोडडबी. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीवरच्या, म्हणजे रेलवरच्या प्रेशर सेन्सरची वायर मध्येच तोडून किंवा कनेक्टर लावून एक छोटी डबी बसवतात. ती ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, खोटं सांगते की रेलमध्ये प्रेशर कमी आहे, मग ईसीयू प्रेशर वाढवतो आणि जास्त डिझेल जातं. दुसरं म्हणजे मॅप बदलणं. इथं वायरिंगला हात लागत नाही, लॅपटॉप जोडून ईसीयूमधला प्रोग्रॅमच बदलतात. त्यात डिझेल, टर्बोचं प्रेशर आणि ताकदीची मर्यादा वाढवतात, बऱ्याचदा ८० किलोमीटरचा वेगमर्यादक काढतात. तिसरं म्हणजे युरिया, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बंद करणं. ते प्रोग्रॅममधून करतात, किंवा नॉक्स (धुरातला विषारी वायू) मोजणाऱ्या सेन्सरच्या जागी खोटे आकडे पाठवणारा इम्युलेटर बसवतात. तुम्ही पाहिलेल्या गाडीत दुसरं आणि तिसरं काम झालेलं दिसतं. ही दोन्ही बहुधा एकत्रच येतात, कारण जास्त डिझेल ओतलं की काजळी वाढते, काजळीनं डीपीएफ तुंबतो, आणि तुंबणारा डीपीएफ काढून टाकल्याशिवाय तो मॅप चालत नाही.

आता "तासाभरात परत करून देतो" या बोलण्याकडे या. प्रोग्रॅम तासाभरात परत टाकता येतो हे खरं आहे. पण आतली जाळी फोडून पोकळ केलेला डीपीएफ प्रोग्रॅमनं भरून येत नाही. लाखभर किलोमीटर जास्त उष्णतेत चाललेले पिस्टन, रिंगा, टर्बोची बेअरिंग आणि क्लच प्लेटही परत येत नाहीत. म्हणून "ट्यूनिंग केलंय का" हे तुम्हाला शोधायची गरजच नाही, ते मालकानं सांगून टाकलंय. शोधायचं आहे ते हे की त्या ट्यूनिंगनं इंजिनचं आयुष्य किती खाल्लं आणि गाडी मूळ स्थितीत आणायचा खर्च कोण सोसणार.

मालकाचे दावे सरसकट खोटे नाहीत. डिझेलचं इंजेक्शन थोडं लवकर होईल असं केलं तर डिझेल थोडं वाचू शकतं. पण त्यानं सिलिंडरमधला कमाल दाब वाढतो आणि नॉक्सही वाढतो. तो नॉक्स मारण्यासाठीच तर युरिया असतो. युरियाच्या बचतीचा हिशेबही करून बघा. बीएस-६ गाडीला शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार ते सहा लिटर युरिया लागतो. डिझेलच्या खर्चाशी ताडून पाहिलं तर ही रक्कम शंभरात तीन-चार रुपयांची. एवढ्यासाठी कॅटॅलिस्ट (युरियाच्या मदतीनं नॉक्स मारणारा भाग), डोसिंग युनिट (युरिया फवारणारा भाग), दोन नॉक्स सेन्सर आणि डीपीएफ या सगळ्या महागड्या वस्तूंवर पाणी सोडलेलं असतं.

तपासणीला सकाळी जा, आणि आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. पोचल्यावर रेडिएटरला आणि रॉकर कव्हरला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिनचं स्टार्टिंग तुमच्यापासून लपवलंय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. मग नुसती चावी ऑन करा, इंजिन नको. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागायला हवा. लागतच नसेल तर तो बंद केलाय, मग फॉल्ट आला तरी तुम्हाला कळणार नाही.

त्यानंतर वायरिंग हातानं चाचपायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण जोडडबी सापडण्याचा हाच खात्रीचा मार्ग. डबी ईसीयूला जे खोटं सांगते तेच खोटं स्कॅनरलाही दिसतं, त्यामुळे स्कॅनरवर सगळं ठीक येतं. रेल सेन्सर, टर्बो प्रेशर सेन्सर, दोन्ही नॉक्स सेन्सर आणि युरियाचं डोसिंग युनिट या प्रत्येकापासून मुख्य लूमपर्यंत, म्हणजे वायरांच्या जुडग्यापर्यंत, वायर बोटांनी धरून जा. कंपनीचं लूम कंगोरेदार पाइपात आणि एकसारख्या टेपमध्ये असतं. मध्येच नवी चकचकीत टेप, वेगळ्या रंगाची वायर, सोल्डरचा जोड किंवा न शोभणारा कनेक्टर दिसला की तिथं थांबा. इम्युलेटरची डबी काडेपेटीएवढी ते तळहाताएवढी असते आणि ती फ्यूजबॉक्सच्या मागं, डॅशबोर्डखाली किंवा सीटच्या खाली दडवलेली असते. फ्यूजबॉक्सचं झाकण काढून युरिया प्रणालीचा फ्यूज जागेवर आहे का तेही बघा. ईसीयूच्या झाकणाच्या कडेला सीलंट उचकटल्याच्या खुणा किंवा स्क्रूवर ओरखडे असतील तर तो उघडून प्रोग्रॅम बदललाय. ओरखडे नसले म्हणून मॅप बदललेला नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण बरेच जण स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधूनच काम उरकतात.

युरियाची टाकी बरंच काही सांगून जाते. झाकणाच्या आट्यांत धूळ-माती साचली असेल तर ते कित्येक महिने उघडलेलं नाही. चालू प्रणालीत डोसिंग नॉझल आणि जोडांच्या आसपास थोडे पांढरे खडे दिसतातच, अगदी कोरडं ठक्क असणं संशयाचं. काटा नेहमी एकाच जागी, म्हणजे बहुधा अर्ध्यावर, अडकलेला असेल तर तो आकडा इम्युलेटरचा आहे. टाकीत पाणी भरून ठेवलेलंही सापडतं. साधा रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणाची तीव्रता मोजायचं छोटं उपकरण) मिळाला तर थेंब टाकून बघा, ३२.५ टक्के यायला हवेत.

सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं घालून फिरवा. बीएस-६ गाडीचा डीपीएफ शाबूत असेल तर नळी आतून जवळजवळ स्वच्छ राहते, फडक्यावर फार तर राखाडी धूळ येते. फडकं काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ फुटलाय किंवा काढलाय. मग डब्याखाली शिरून कापून परत वेल्डिंग केल्याची रेघ शोधा आणि लाकडी दांड्यानं हलकंसं ठोका, पोकळ डबा घणघणतो. आपल्या वाचकांपैकी कुणी बीएस-४ गाडी बघत असेल तर ही फडक्याची कसोटी लावू नये, त्या मोठ्या गाड्यांत सहसा डीपीएफ नसतोच. तिथं टाटाच्या युरियावाल्या मॉडेलांत युरियाची लाइन बघायची, आणि अशोक लेलँडनं ईजीआरचा मार्ग घेतला होता म्हणून तिच्यात ईजीआरच्या पाइपात पत्रा घालून तोंड बंद केलंय का ते बघायचं. त्याहून जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीत चिप नाही, "पंप वाढवलेला" असतो. पंपाच्या जास्तीत जास्त डिझेलच्या स्क्रूवर तार आणि शिसाचं सील असतं, ते तुटलेलं किंवा नव्या तारेचं असेल तर कॅलिब्रेशनची पावती मागा.

मॅप बदललाय का हे पक्कं कळतं ते त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच. गाडी तिथं न्या आणि त्यांच्या मूळ सॉफ्टवेअरनं ईसीयू वाचून घ्या. चेसिस नंबरला कंपनीच्या नोंदीत जो प्रोग्रॅम नंबर आहे तोच ईसीयूमध्ये आहे का, आणि प्रोग्रॅमचा पडताळणी क्रमांक म्हणजे सीव्हीएन जुळतो का, हे दोन प्रश्न नाव घेऊन विचारा. नुसतं "स्कॅन करा" म्हटलं तर फॉल्ट कोडची यादी हातात मिळते, आणि ती आदल्या रात्री पुसलेली असू शकते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडाही बऱ्याच गाड्यांत दिसतो. तीन लाख चाललेल्या गाडीत तो बारा-पंधरा किलोमीटर निघाला तर कारण मालकानं सांगावं. वाचनाचा कागद छापून, शिक्का मारून घ्या.

पीयूसीचा कागद दाखवला तर त्यावर समाधान मानू नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. युरिया पूर्ण बंद असलेली गाडी त्यातून आरामात पास होते.

इंजिन किती झिजलंय हे कळायला भार लागतो. रिकामी गाडी कागल-निपाणी सपाट रस्त्यावर फिरवून काही समजत नाही, उलट ट्यून केलेली गाडी रिकामी असताना मनात भरते. पासिंगच्या मर्यादेतला भार घाला आणि निपाणीकडून तवंदी घाट चढा. चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकत राहिला तर रेडिएटर, हेड गॅस्केट किंवा जास्त डिझेल यांपैकी एखादं कारण असू शकतं. मागच्या गाडीत बसलेल्या माणसाला धूर बघायला सांगा. बीएस-६ ला काळा धूर कधीच दिसायला नको. वर पोचल्यावर गाडी तशीच चालू ठेवून खाली उतरा, आयडलला ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते. झाकण थडथड उडत असेल आणि धूर ठोके देत बाहेर पडत असेल तर पिस्टन-रिंगांमधून कॉम्प्रेशन खाली उतरतंय. अशा इंजिनाला लवकरच खोलावं लागणार, किंमत त्या हिशेबानं बोला.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टर्बोचा हवेचा पाइप काढून शाफ्ट दोन बोटांनी हलवा. आडवा किंचित खेळ असतो, पण पंखा बाहेरच्या घराला घासल्याची खूण असेल किंवा शाफ्ट मागे-पुढे सरकत असेल तर टर्बो गेलाच. डिपस्टिकवरच्या ऑइलला डिझेलचा वास आणि पातळी खुणेच्या वर, याचा अर्थ इंजेक्टर गळतोय किंवा डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. मालकाची तयारी असेल तर ऑइल फिल्टर बदलून जुना कापून बघा. कागदाच्या घड्यांत चकाकणारे कण म्हणजे बेअरिंगचा धातू. शेवटचा उपाय म्हणजे इंजेक्टर काढून त्या छिद्रातून बोरस्कोपनं (बारीक नळीच्या कॅमेऱ्यानं) पिस्टनचा माथा बघणं. जास्त डिझेलनं पिस्टनच्या कडा वितळल्या असतील किंवा माथ्याला चीर असेल तर ती दिसते. हे करायचं ठरलं तर इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे, त्याचे पैसे तुम्ही द्या.

एवढं सगळं करून गाडीचं इंजिन ठणठणीत निघालं, तर मग व्यवहाराकडे वळा. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. आहे तशी दोन लाख कमी देऊन घेणं ही पहिली, आणि ती आम्ही सुचवणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) प्रमाणे परवानगीविना केलेल्या बदलाची जबाबदारी मालकावर येते: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर तुमचं नाव लागलं की तो मालक तुम्ही. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी तुमच्या गळ्यात येऊ शकतो. दुसरी वाट म्हणजे पैसे कमी करून दुरुस्ती स्वतः करणं. ती चालेल, पण वर्कशॉपकडून आधी लेखी अंदाजपत्रक घ्या: मूळ प्रोग्रॅम, डीपीएफ, नॉक्स सेन्सर, डोसिंग युनिट, ईजीआर असं प्रत्येक नाव वेगळं. तुम्हाला मिळणारी दोन लाखांची सूट या आकड्यापुढे पुरते का ते तेव्हाच समजेल, आणि डीपीएफ पोकळ असेल तर ती पुरण्याची आशा ठेवू नका.

तिसरी वाट आम्हाला सर्वांत योग्य वाटते. मालक म्हणतोच आहे ना, परत करून देतो? मग द्या म्हणावं, त्याच्या खर्चानं, अधिकृत वर्कशॉपमध्ये, विसार देण्याआधी. त्यानंतर युरियाची टाकी तोंडापर्यंत भरा, भार घालून चारशे किलोमीटर चालवा आणि टाकी पुन्हा तोंडापर्यंत भरा. भरलेली दहा टायरची गाडी लिटरला चारच्या आसपास देते, म्हणजे शंभर लिटर डिझेल जळेल, आणि टाकीत चार ते सहा लिटर युरिया मावायला हवा. एकही दिवा लागला नाही, ताकद कमी झाली नाही आणि युरिया बरोबर खाल्ला, तर प्रणाली खरोखर जिवंत आहे. जर काही भाग पोकळ किंवा मेलेला असेल तर मूळ प्रोग्रॅम ते ओळखतो. आधी दिवा लावतो, मग ताकद घटवतो, आणि तरी दुर्लक्ष केलं तर गाडी २० किलोमीटरच्या वेगाला बांधून ठेवतो. या चाचणीला मालक तयार झाला नाही तर गाडी सोडून द्या. किंमत आणखी उतरवली तरी सोडा.

दाजींचं म्हणाल, तर तपासणी म्हणजे अविश्वास असं तुम्हीच मनाशी ठरवून टाकलंय. दाजींनी ओळख करून दिली आहे, इंजिनची हमी दिलेली नाही, आणि उद्या इंजिन बसलं तर आज न बोललेला शब्द घरात जास्त बोचेल. त्यांना सरळ म्हणा, "दाजी, हप्ता मला भरायचा आहे, म्हणून एकदा वर्कशॉपला लावून बघतो. तुम्हीही या की बरोबर." कागद त्यांच्यासमोर निघाला की बोलणी तुमच्या आणि मालकाच्या भांडणावर न येता कागदावर येतात. दाजींनाही मित्रापुढे बोलायला आधार मिळतो. तुमच्या चालकालाही न्या. गाडी रोज त्याच्या हाताखाली असणार आहे, आणि त्याची शंका रास्त निघाली आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. गाडी महाराष्ट्रातून कर्नाटकात येणार म्हणून फॉर्म २८ ची एनओसी, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ लागेल. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इकडे चालवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, आणि कर्नाटकचा कर भरावा लागतो, तो किमतीत धरा. थकलेली ई-चलनं एनओसीआधी मालकाकडून भरून घ्या. विक्रीच्या करारात एक ओळ घाला की इंजिन प्रोग्रॅम आणि धूर नियंत्रण प्रणाली कंपनीच्या मूळ स्थितीत आहे आणि अमुक तारखेच्या वर्कशॉप अहवालानुसार ती तपासली आहे. करार कन्नडमध्ये लिहिला जाणार असेल आणि वाचायला अडचण असेल तर ती ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती सांगायला हवी. ऊस वाहतुकीच्या गाड्यांचे डीपीएफ एवढे का काढले जातात? साखर कारखान्याच्या यार्डात गाडी तासन् तास रांगेत आयडलवर उभी राहते, धूर गार राहतो, काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. दिवा लागतो, चालक खेप पुरी करायच्या नादात तो सोडून देतो, गाडीची ताकद जाते, आणि मग कुणीतरी "काढून टाका की" म्हणतो. तुमची गाडीही त्याच यार्डात उभी राहणार. रांगेत इंजिन बंद ठेवायची सवय लावा. रिजनरेशनचा, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळण्याचा, दिवा लागला की त्याच दिवशी मोकळ्या हायवेवर वीस-तीस मिनिटं एका वेगानं चालवा, किंवा बटण दाबून उभ्यानं रिजनरेशन करा. त्या वेळी डीपीएफमध्ये ५५० ते ६०० अंशांपर्यंत उष्णता असते. त्यामुळे फडात किंवा यार्डात पाचटावर गाडी उभी करून हे कधीही करायचं नाही, खाली मोकळी माती किंवा डांबर हवं. युरिया सीलबंद कॅनमधलाच घ्या. शेतातल्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून टाकला तर त्याचं कडुनिंबाचं लेपन आणि क्षार डोसिंग नॉझलमध्ये बसतात आणि कॅटॅलिस्ट खराब होतो. चालक बदलला तर नव्या माणसाला या तीन गोष्टी पहिल्या खेपेआधी गाडीपाशी उभं राहून दाखवा.